बक क्लेटनच्या उत्तरकालीन ध्वनिमुद्रिका

इतिहासाचीं साधनें हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. कै. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि बखरीपेक्षां पत्राचा पुरावा अधिक मोलाचा, हा दंडक आपल्या अभ्यासकांच्या अंगीं बाणवला. पत्र त्या त्या प्रसंगीं लिहिलेलें असतें, बखर मागाहून लिहिली जाते, हें त्याचें कारण. राजकीय इतिहासापुरता हा दंडक निर्विवाद आहे. परंतु गायनवादनासारख्या कलेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो जसाच्या तसा लागू पडतो काय, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. गायकाचा कंठ आणि वादकाची फुंक यांचें दप्तर म्हणजे ध्वनिमुद्रिका. ऐन भरांत घेतलेली तबकडी तेवढी अस्सल आणि भर ओसरल्यावर घेतलेली ती केवळ जुन्याची आठवण, असें सामान्यतः मानलें जातें. हें मानणें नेहमींच बरोबर असतें असें नाहीं. एका परकीय उदाहरणावरून तें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तें उदाहरण अमेरिकेंतील जॅझ संगीताचें आहे. १९३५ ते १९४५ या दशकांत त्या देशांतील नृत्यगृहांतून चौदापंधरा वादकांचे मोठे वाद्यवृंद वाजत. ‘बिग बँड’ या नांवानें ते ओळखले जातात. तीनचार ट्रंपेट, दोनतीन ट्रॉम्बोन, चारपांच सॅक्सोफोन आणि पाठीमागें पियानो, गिटार, डबल बास व ड्रम यांचा ताल, अशी त्यांची साधारण मांडणी असे. ट्रंपेट म्हणजे आपल्याकडील लग्नाच्या बँडांत दिसणारा तीन कळांचा पितळी कर्णा. या वृंदांपैकीं काउंट बेसीचा वृंद फार गाजला, आणि त्यांत १९३६ पासून १९४३ पर्यंत बक क्लेटन हा ट्रंपेटवादक होता. पुढें १९५३ ते १९५६ या काळांत कोलंबिया कंपनीसाठीं त्यानें कांहीं लांबलचक ध्वनिमुद्रणें केलीं. मोझेइक नांवाच्या कंपनीनें १९९३ सालीं, म्हणजे क्लेटनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, तीं एकत्र करून एका संग्रहाच्या रूपानें प्रसिद्ध केलीं. हा संग्रह आमच्या विवेचनाचा आधार आहे.

क्लेटनचा जन्म १२ नोव्हेंबर १९११ रोजीं कॅन्सस राज्यांतील पार्सन्स या गांवीं झाला. वडील चर्चच्या संगीतांत भाग घेणारे हौशी वादक होते. घरींच सहाव्या वर्षापासून त्यानें पियानो शिकावयास आरंभ केला. ट्रंपेट मागाहून हातीं आला. विशीच्या सुमारास तो कॅलिफोर्नियास गेला. तेथें त्याचा स्वतःचा वृंद जमला असतांना १९३४ सालीं टेडी वेदरफर्ड या पियानोवादकानें त्याला शांघायचें बोलावणें आणलें. शांघायच्या फ्रेंच वसाहतींतील कॅनिड्रोम या भव्य नृत्यगृहांत क्लेटनचा वृंद वाजूं लागला. मायदेशीं ज्या कृष्णवर्णीय वादकांस हॉटेलच्या मागील दारानें आंत शिरावें लागे, त्यांस येथें मानानें वागविलें जाई. एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या अमेरिकनाशीं मारामारी होऊन ती नोकरी गेली, आणि नंतर एका लहान ठिकाणीं चिनी लोकप्रिय गाणीं शिकून वाजवावीं लागलीं. तरीही १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत क्लेटननें चीनमधील तीं दोन वर्षें आयुष्यांतील सर्वांत सुखाचीं म्हणून वर्णिलीं आहेत.

वेदरफर्डचें नांव येथें मुद्दाम घेतलें, कारण आपल्या मुंबईचा या कथेशीं संबंध त्याच्याच द्वारें जोडला जातो. त्याच दशकाच्या उत्तरार्धांत तो मुंबईस आला, ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला, आणि पुढें १९४५ सालीं कलकत्त्यास पटकीनें वारला. या मंडळींच्या सहवासांत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन शिकून आलेले आपले वादक तयार झाले. त्यांच्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

क्लेटन १९३६ सालीं अमेरिकेस परतला आणि न्यू यॉर्कला जातां जातां वाटेंत कॅन्सस सिटीला थांबला. तेथें बेसीनें त्याला आपल्या वृंदांत ओढलें. त्या शहराची तेव्हांची स्थिति कांहीं विलक्षणच होती. टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याच्या हातीं शहराचा सारा कारभार होता. त्याच्या अमलांत कायदा झोपीं गेलेला असे, पण पानगृहें रात्रभर जागीं असत. पेंडरगास्टला १९३९ सालीं प्राप्तिकर चुकविल्याबद्दल तुरुंगांत जावें लागलें तेव्हां हें पर्व संपलें. परंतु तोंपर्यंत या जागत्या रात्रींनीं वादनाची एक स्वतंत्र तऱ्हा घडविली होती. नोकरीचे तास संपल्यावर वादक एकत्र जमत, एखादी साधी चाल धरीत आणि एकामागून एक आपली कल्पना तीवर चालवीत. कागदावर कांहीं नसे. एकजण वाजवीत असतां बाकीचे सुरांचा एखादा छोटा तुकडा जागच्या जागीं जुळवून त्याच्या पाठीशीं पुनःपुन्हा वाजवीत राहत. याला ते ‘जॅम सेशन’ म्हणत. आपण ज्याला बैठक म्हणतों तिच्याशीं याचें बरेंच साम्य आहे: वेळेचें बंधन नाहीं, श्रोते बहुतेक जाणकार, आणि कोणाच्या पोटांत किती विद्या आहे याची परीक्षा उघड्यावर.

बेसीचा वृंद रेनो क्लबमध्यें वाजत असे व तेथून तो नभोवाणीवर प्रक्षेपित होई. १९३६ सालीं जॉन हॅमंड या धनिक व रसिक तरुणानें शिकागोंत आपल्या मोटारींतील रेडिओवर तो ऐकला आणि त्यास पुढें आणण्याचा ध्यास घेतला. पण हॅमंडच्या आधीं डेक्का कंपनीचा माणूस बेसीकडे पोहोंचला. त्यानें बेसीकडून जो करार लिहून घेतला त्यांत तबकड्यांच्या २४ बाजूंसाठीं ७५० डॉलर ठरले होते आणि पुढील विक्रीवर मानधन म्हणून एक पैही नव्हती. ज्या तबकड्यांवर आज जॅझच्या इतिहासाचीं प्रकरणेंच्या प्रकरणें उभीं आहेत, त्यांची खरेदी अशा भावानें झाली. साधन कोणाच्या हातीं होतें आणि कोणत्या अटींवर निर्माण झालें, हें विचारल्याशिवाय त्याची किंमत ठरवूं नये, असें जें इतिहासकार सांगतात तें येथेंही खरें आहे.

क्लेटनचें ध्वनिमुद्रित आयुष्य २१ जानेवारी १९३७ रोजीं बेसीच्या वृंदाबरोबर सुरू होतें. चारच दिवसांनीं तो बिली हॉलिडे या गायिकेच्या साथीस बसला. तेव्हां तो पंचवीस वर्षांचा होता. त्याचा स्वर भरदार पण मऊ, आणि ट्रंपेटच्या तोंडाशीं लहान टोपण धरून काढलेला त्याचा दबका सूर गाण्याच्या ओळींमधून अलगद वावरणारा. त्यानें गायिकेला कधीं झांकोळलें नाहीं. हे गुण त्या तबकड्यांवर स्पष्ट ऐकूं येतात. पण किती वेळ? जुलै १९३७ मध्यें बेसीच्या वृंदानें ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही आपली प्रसिद्ध रचना मुद्रित केली. तीत पियानो, दोन टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि ट्रंपेट यांस पाळीपाळीनें वाव दिला आहे. क्लेटनच्या वांट्यास बारा मात्राखंडांचें एक आवर्तन आलें. घड्याळ लावून पाहिल्यास तें वीस सेकंदांच्या आंतच संपतें.

यांत दोष बेसीचा नव्हता, तबकडीचा होता. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांपेक्षां अधिक कांहीं मावत नसे. आपल्या संगीतासही याच चिमट्यांतून जावें लागलें आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें तेव्हांपासून आपल्या गवयांनीं तास तास चालणारा राग तीन मिनिटांत बसविण्याची कसरत केली. याचा एक मासला सांगण्यासारखा आहे. १९७७ सालीं व्हॉयेजर ही दोन याने अंतराळांत सोडलीं गेलीं. त्यांच्याबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत भरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठविलेली आहे. तीवर गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि लुई आर्मस्ट्रॉंग या जॅझमधील अग्रगण्य ट्रंपेटवादकाचें १९२७ सालचें वादनही आहे. दोन्ही ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून घेतलेलीं. दोन्ही तीनसाडेतीन मिनिटांचीं. कोणा परग्रहवासीयानें तीं ऐकलींच, तर पृथ्वीवरील संगीत एवढ्याच वेळांत आटोपत असे, असा त्याचा समज व्हावयाचा. आपलाही कांहींसा तसाच समज जुन्या तबकड्या करून देतात, हें आपण विसरतों.

म्हणजे समकालीन पुरावा काळाच्या दृष्टीनें अस्सल असला तरी आकाराच्या दृष्टीनें छाटलेला असूं शकतो. कॅन्सस सिटीच्या रात्रींची खरी लांबी कळावी असा पुरावा १९३७ सालच्या डेक्काच्या तबकड्यांवर नाहीं. तो तीवर मावणेंच शक्य नव्हतें.

पुढील दहाबारा वर्षांत बऱ्याच उलथापालथी झाल्या. १ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें तबकड्यांवर मानधन मिळावें म्हणून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. डेक्कानें १९४३ मध्यें तडजोड केली, पण कोलंबिया व व्हिक्टर या बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. मधल्या काळांत क्लेटनला १९४३ सालीं सैन्यांत भरती व्हावें लागलें. युद्ध संपलें तेव्हां नृत्यगृहांचा धंदा बसला होता. १९४६ च्या अखेरीस एकामागून एक नामांकित वृंद मोडले, आणि १९५० सालीं बेसीलाही आपला मोठा वृंद कांहीं काळ आवरावा लागला. तरुण वादक बीबॉप या नव्या, शीघ्र व गुंतागुंतीच्या तऱ्हेकडे वळले होते. क्लेटन अवघा चाळिशीचा, पण त्याची पिढी जुन्यांत जमा झाली. कलेच्या क्षेत्रांत वार्धक्य नेहमींच वयावर अवलंबून नसतें.

परंतु याच वर्षांत दोन यांत्रिक सुधारणाही झाल्या. युद्धानंतर जर्मनींतून चुंबकीय फितीवर ध्वनि मुद्रित करण्याची विद्या अमेरिकेंत आली, आणि १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घमुद्रिका बाजारांत आणली. आतां एका बाजूवर वीस मिनिटें आणि त्याहूनही अधिक संगीत मावूं लागलें. जॉन हॅमंड व कोलंबियाचे जॉर्ज अवाकियन यांनीं ठरविलें कीं, या लांबीचा उपयोग करून जुन्या जॅम सेशनला मुद्रणशाळेंत जागा द्यावी. त्यांनीं प्रमुख म्हणून क्लेटनला बोलाविलें.

१४ व १६ डिसेंबर १९५३ रोजीं अकरा वादक न्यू यॉर्कमध्यें जमले. त्यांत गिटारवर फ्रेडी ग्रीन, डबल बासवर वॉल्टर पेज आणि ड्रमवर जो जोन्स होते. म्हणजे १९३७ सालच्या बेसीच्या वृंदाचा तालाचा कणाच तेथें हजर होता. पियानोवर सर चार्ल्स टॉम्प्सन होता आणि दुसरा ट्रंपेट तरुण जो न्यूमनच्या हातीं होता. दुसऱ्या दिवशींच्या दोन रचनांपैकीं ‘द हकलबक’ सुमारें वीस मिनिटें चालते आणि टॉम्प्सनचीच ‘रॉबिन्स नेस्ट’ तिच्या जवळपास. चाल साधी, लय बेताची, आणि घाई कोणासच नाहीं. प्रत्येक वादक उठतो, एक आवर्तन वाजवून थांबत नाहीं, दुसरें घेतो, पहिल्यांत टाकलेली कल्पना दुसऱ्यांत फुलवितो. मागील मंडळी त्याच्या पाठीशीं एक छोटा तुकडा धरतात आणि तो चढवीत नेतात. क्लेटनची पाळी येते तेव्हां १९३७ सालचाच मऊ, स्पष्ट सूर ऐकूं येतो. फरक इतकाच कीं, तेव्हां जें वाक्य अर्ध्यावर तुटत असे तें येथें पुरें होतें. पंचविसाव्या वर्षीं अंगीं असलेली गोष्ट बेचाळिसाव्या वर्षीं प्रथमच सविस्तर सांगावयास मिळाली, असें या वादनाचें वर्णन करतां येईल.

पुढील बैठकींत कोलमन हॉकिन्स, वुडी हर्मन असे इतर वृंदांतील नामांकितही आले, आणि मार्च १९५६ मधील अखेरच्या बैठकींत बेसीचा जुना गायक जिमी रशिंग गायला. वॉल्टर पेज १९५७ च्या डिसेंबरांत वारला. बेसीच्याही आधीं ज्यानें नैर्ऋत्य अमेरिकेंत स्वतःचा वृंद चालविला होता, आणि ज्याच्या चार ठोक्यांच्या सरळ चालीवर बेसीचा सगळा डोलारा उभा राहिला, त्या माणसाची वीस वीस मिनिटांची अखंड साथ आज आपणांस ऐकावयास मिळते. ती या उत्तरकालीन मुद्रणांमुळें. तीं आणखी पांच वर्षें लांबतीं तर तो पुरावा कायमचा बुडाला असता.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. १९५३ सालचें वादन हें १९३६ सालच्या कॅन्सस सिटीचें साधन कसें होऊं शकेल? पानगृहाची गर्दी, पहांटेची धुंदी, एकमेकांस हरविण्याची ईर्षा हीं मुद्रणशाळेंत कोठून येणार? वादक तेच असले तरी मध्यंतरीं सतरा वर्षें गेलीं. त्यांच्या कानांवर नवें संगीत पडलें होतें. शिवाय फितीची एक मेख आहे. ती कातरीनें कापतां येते आणि हव्या त्या ठिकाणीं जोडतां येते. अवाकियन या कामांत निष्णात होता, आणि या मालिकेंतील कांहीं बाजू वेगवेगळे तुकडे जोडून सिद्ध केलेल्या आहेत. ज्याला आपण उत्स्फूर्त बैठक समजून ऐकतों तिच्यांत संपादकाचा हात फिरलेला आहे. तेव्हां ही बखरच नव्हे काय?

आमचें उत्तर असें आहे कीं, बखरीचे दोष हिच्यांत आहेत, पण हिचा एक गुण बखरींत नाहीं. बखरकार दुसऱ्यानें केलेल्या पराक्रमाची हकीकत सांगतो. येथें ज्यानें केलें तोच पुन्हा करून दाखवीत आहे. प्रात्यक्षिक हें वर्णनाहून निराळें साधन होय. म्हातारा पहिलवान जुन्या कुस्तीची गोष्ट सांगूं लागला तर त्यांत तिखटमीठ असणारच. पण त्यानें उठून पवित्रा घेऊन दाखविला, तर तो पवित्रा खोटा असूं शकत नाहीं. म्हणून इतिहासकारानें दोन्ही तबकड्या शेजारीं ठेवून ऐकाव्यात. १९३७ ची तबकडी सूर, जोम आणि तारीख यांविषयीं साक्ष देईल. १९५३ ची तबकडी विस्ताराची रीत, परस्परांची साथ आणि कल्पनेची लांबी यांविषयीं. एकीचें तोंड दुसरी बंद करीत नाहीं. संग्रहकारांचें काम याच कारणानें महत्त्वाचें आहे. विखुरलेल्या दीर्घमुद्रिका काळानुक्रमानें एकत्र आल्या, वादकांचीं नांवें व दिवस त्यांसोबत छापले गेले, म्हणजेच तो माल नुसती करमणूक न राहतां दप्तर बनतो.

क्लेटनच्या पुढील आयुष्यानें या विचारास आणखी एक जोड दिली आहे. ट्रंपेटवादकाचें खरें वाद्य पितळेचें नसून ओठांचें असतें. १९६९ च्या सुमारास त्याचे ओठ निकामी झाले. शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीचें वादन परत आलें नाहीं. असें असतां १९७४ पासून किआरोस्क्युरो नांवाच्या एका लहान कंपनीनें पुन्हा क्लेटनच्या नांवानें जॅम सेशन मुद्रित केलीं. त्यांत क्लेटन रचना करतो, वादक निवडतो, कोणी केव्हां उठावें हें ठरवितो. ट्रंपेट मात्र दुसऱ्यांच्या हातीं आहे. तरीही पाठीमागचे तुकडे कानीं पडतांच हें कोणाचें घर आहे तें ओळखूं येतें. पुढें त्यानें न्यू यॉर्कच्या हंटर कॉलेजांत शिकविलें आणि पंचाहत्तरीच्या घरांत स्वतःच्या रचना वाजविणारा मोठा वृंद उभा केला. ८ डिसेंबर १९९१ रोजीं तो वारला.

आतां मुंबईकडे वळूं. हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ, जे चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्धीस आले, ते आर्मस्ट्रॉंगच्या वळणाचे ट्रंपेटवादक. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांस चित्रपटसंगीतांत त्यांचें मोठें साह्य झालें. ‘अलबेला’ (१९५१) मधील गाण्यांत तें वळण आजही कोणाच्याही कानांस जाणवेल. पण चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचें व संगीतकाराचें नांव असे, वादकांचें नसे. गाण्याच्या दोन कडव्यांमधील आठदहा सेकंदांत त्यांना जें सांगतां येईल तेवढें त्यांनीं सांगितलें. म्हणजे क्लेटनच्या त्या बारा मात्राखंडांहूनही कमी. चिक चॉकलेट १९६७ सालीं निवर्तले. सनईवाले, सारंगिये, नाटकांतील ऑर्गनवाले, तमाशांतील ढोलकीवाले यांच्याविषयींही थोड्याफार फरकानें हेंच म्हणावें लागेल. त्यांची उमेदीची तबकडी असली तर ती दुसऱ्याच्या गाण्याची आहे, आणि उतारवयांत त्यांना बसवून, ‘आतां घड्याळ पाहूं नका, वाजवा’ असें म्हणणारे फार थोडे.

अशीं माणसें आजही गांवोगांव आहेत आणि फीत तर आतां प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांत आली आहे. हात थरथरूं लागला, दम पुरेनासा झाला, म्हणून त्यांची साक्ष घेण्याचें टाळूं नये. क्लेटनचे ओठ गेल्यानंतरही त्याच्यापाशीं सांगण्यासारखें होतें आणि तें ऐकून घेणारा एकजण भेटला. राजवाड्यांनीं वाण्यांच्या दुकानांत रद्दी म्हणून पडलेले कागद वांचविले; जिवंत माणसांच्या बाबतींत तितका शोध घेण्याचेंही कारण पडत नाहीं, दारांत जाऊन बसलें म्हणजे पुरे.